येथे गेम चालत नाही

बाबा, तुम्हाला हे लिहायला बसण्याआधी मी दाराला कडी लावली. आई बाहेरच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. माझ्या लिहिण्यात तिला काडीचा रस नाही, तरी लावली. ही खोड तुमची. हळदीच्या मुलखात राहून दळलेली हळद घरात येऊ न देणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही. हळकुंडं आणायची, एकेक मोडून आतला रंग बघायचा आणि गिरणीत पीठ पडेपर्यंत समोर उभं राहायचं. दूधवाला, पाव्हणे, मी, कुणालाच सूट नव्हती. मी कुठूनही आले की तुमचा पहिला शब्द 'काहून' आणि दुसरा 'कुणासंगं'. का गेलीस, कुणाबरोबर गेलीस याचा जाब द्यायचा मला भयंकर राग यायचा. आता मी पुण्यात दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी चोरून शिरलंय का ते तपासायची नोकरी करते. म्हणजे संशय घेण्याचा पगार घेते. आई म्हणते, बापावर गेली. मी हल्ली वाद घालत नाही.

लिहावंसं वाटलं ते तुमच्या नातवामुळे. तो जन्मला तेव्हा तुम्ही नव्हतात. परवा त्याच्या खोलीत गेले तर स्क्रीनवर घोडे, तलवारी, जळणारा किल्ला. कोपऱ्यात बघते तर मशीन विंडोजचं नव्हे, लिनक्सचं. मी म्हटलं, यावर हे कसं चालतं? तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी विचारलं की बल्बात वीज कशी येते. "आई, आता जवळजवळ सगळेच गेम लिनक्सवर चालतात. हातात धरून खेळायची मशीनंसुद्धा निघालीत." मी हसले, आणि मग माझं मलाच आवडलं नाही. लिनक्सवर गेम चालत नाहीत या एका वाक्यावर आपलं घर चाललं होतं. आणि त्या वाक्याबद्दल माझ्या मनात एक संशय आहे, तो इतक्या वर्षांत गेलेला नाही.

तुमच्या टायपिंग क्लासची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. मी लहान असताना तिथे टाइपरायटर होते आणि जिन्याखालूनच खडखडाट ऐकू यायचा. मग हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नोकरीला कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र मागायला लागले आणि तुम्ही टाइपरायटर काढून जुनी कॉम्प्युटर मशीनं आणलीत. खोलीला खिडकी एकच, उत्तरेची, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर खताच्या गोदामाची भिंत. भर दुपारी ट्यूबलाईट लावावी लागायची आणि लोडशेडिंग सुरू झालं की समोरचा हात दिसायचा नाही. टेबलं तुम्ही अशी मांडली होती की सगळ्या स्क्रीन दाराकडे तोंड करून. दाराजवळच्या खुर्चीत बसलं की कोण काय करतंय ते एका नजरेत कळावं. संध्याकाळी प्रत्येक माऊस उलटा करून त्यातली रबरी गोळी काढायची, बिस्किटाच्या डब्यात टाकायची आणि डबा घरी आणायचा, कारण पोरं त्या गोळ्या पळवायची. आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी माऊसच्या गोळ्यांचा डबा असायचा, हे मी इथे कुणाला सांगितलं तर लोकांना गंमत वाटते.

तेव्हाच्या मशीनवर विंडोज होतं आणि त्यात पत्त्यांचा खेळ. तुम्ही तो पुसलात तर पोरं फ्लॉपीतून मारामारीचा घेऊन आली. तिकडे एसटी स्टँडजवळच्या एका क्लासचं बघता बघता गेम पार्लर झालं. तिथे दिवसभर टोळकी, शिट्ट्या, पडदे ओढलेले. मग गावोगावच्या बापांना कॉम्प्युटर या शब्दाचाच संशय यायला लागला आणि तुमची मुलींची दुपारची बॅच ओस पडली. त्या बॅचमध्ये मी होते आणि खुर्च्या होत्या. अशात नांदेडला कॉलेजात शिकवणाऱ्या तुमच्या मित्राने लिनक्सच्या सीडी दिल्या. म्हणाला, व्हायरस न्हाई, पैसे न्हाईत आणि ह्याच्यावर गेम चालतच न्हाईत. तुम्ही विचारलंत, "फुकट काहून?" त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून त्या सीडी कितीतरी दिवस लोखंडी कपाटात कुलूपबंद होत्या. पण एकदा मशीनवर चढवल्यावर तुम्ही त्या सिस्टीमच्या प्रेमातच पडलात. ती तुमच्या स्वभावाची निघाली ना! चालू केलं की आधी नाव विचारायची, मग पासवर्ड. लाईट जाऊन आली की सगळी डिस्क ओळीओळीने तपासल्याशिवाय पुढे सरकायची नाही. तुम्ही चहाचा कप घेऊन त्या ओळी बघत बसायचात. "हे बघ, आधी तपासून राहिलं. मंगच काम करंल," असं आईला कौतुकाने सांगायचात. मुख्य पासवर्ड फक्त तुमच्याकडे, आणि तो टाकताना डावा हात कीबोर्डवर आडवा.

चढवताना सिस्टीमने विचारलं होतं, काय काय हवं? मी शेजारीच उभी होते. तुम्ही 'सगळं' निवडलंत. कमी घेतलं तर आत काय राहिलं कुणास ठाऊक, फसवणूक नको, हा हिशेब. त्या 'सगळं'मध्ये एक पेंग्विन आला. पोटावर बर्फाच्या डोंगरावरून घसरायचा, झाडं चुकवायची, वाटेतले मासे गोळा करायचे. संशयापोटीच तुम्ही गेम स्वतःच्या हाताने घरात घेतलात, बाबा. आणि वर पेंटर बोलावून जिन्याच्या दारावर पाटी लावलीत: 'येथे गेम चालत नाही'. खाली लिनक्सचं चिन्ह म्हणून पेंग्विनच काढून घेतलात, चांगला वीतभर, पिवळ्या चोचीचा.

पाटीने काम केलं. महिन्या-दोन महिन्यांत दुपारची बॅच भरली. त्यात कळमनुरीकडच्या खेड्यातून एसटीने येणारी एक होती, माझ्याच वयाची, पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तिचे वडील शेतकरी. नाव घालताना त्यांनी तुम्हाला माझ्यादेखत बजावलं होतं, "लेकरू हुशार हाय म्हून धाडून राहिलो, मास्तर. पर कायबी इकडचं तिकडं दिसलं तर त्याच दिवशी घरी." वसमतचं एक स्थळ येऊन थांबलेलंच होतं. क्लास सुटला असता तर तिचं लग्नच लागलं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पेंग्विन तिनेच शोधला. कोपऱ्यातल्या एकाच मशीनमध्ये चित्रं भराभर हलवणारं जरा बरं कार्ड होतं. बाकीच्यांवर तो चिखलातून चालल्यासारखा यायचा. रोज दुपारी तुम्ही चहाला खाली उतरलात की आम्ही त्या टेबलाभोवती गोळा. ती घसरवायची आणि आम्ही श्वास धरून बघायचो. गावाकडून एसटीत चेंगरून येणारी, मान खाली घालून चालणारी पोरगी त्या डोंगरावर इतकी मोठ्याने हसायची की आम्हाला तिचं तोंड दाबावं लागायचं. मग जिन्यावर तुमचा खोकला ऐकू यायचा आणि आम्ही जागेवर.

त्या दिवशी खोकल्याआधीच दुसरं कुणी आलं. बाजाराचा दिवस होता. तिचे वडील पिशवी घेऊन आले, चपला बाहेर काढल्या आणि कधी दारात उभे राहिले ते कुणाला कळलंच नाही. स्क्रीन दाराकडेच होत्या. ती हसत होती.

"ह्ये काय करून राहिली तू?"

पेंग्विन झाडाला धडकून थांबला.

"एसटी स्टँडापाशी टुकार पोरं खेळतेत, त्येच हाय न्हवं ह्ये?"

तेवढ्यात जिन्यावर तुम्ही खोकलात. वर आलात, त्यांना बघितलंत, मग आम्हाला.

"मास्तर, तुमी म्हणले व्हते हितं गेम न्हाई. मंग ह्ये काय हाय?"

तुम्ही कोपऱ्यात गेलात. मोडलेल्या हळकुंडाकडे बघावं तसं त्या स्क्रीनकडे बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आता पाटी गेली, बॅच गेली, ती गेली, आणि घरी गेल्यावर मी. मग तुम्ही म्हणालात, "भाऊ, जरा भायेर या." त्यांना पाटीसमोर नेलंत. आम्हाला आतून सगळं ऐकू येत होतं.

"हा पक्षी वळखला का? हा ह्या सिस्टीमचा पक्षी हाय. आतबी त्योच हाय. कळाकडं न पाहता पोरींची बोटं चालावं म्हून घसरवून घेऊन राहिलो मी."

"म्हंजी ह्यो अभ्यासच हाय?"

"अभ्यासच हाय."

ते दोन्ही पेंग्विन आळीपाळीने बघत असावेत. "तुमी म्हणता तर बराबर असंल, मास्तर." पिशवीतले पेरू लेकीला देऊन ते खाली उतरले. ती तोंडात ओढणी कोंबून रडत होती. तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "चला, टायपिंगच्या स्पीडचा उतारा काढा." बस, इतकंच.

आम्ही पोरी पुढे कित्येक दिवस हाच किस्सा चघळत होतो. सर फसले! पाटीवरचा पक्षी बघून सर स्वतःच फसले! मीही त्यात हसले, पण मला ते पचत नव्हतं. डब्यातली एक गोळी कमी झाली तर झाकण न उघडता नुसता हलवून ओळखणारा माणूस समोर चाललेला खेळ ओळखत नाही? आणि त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही मला काहीही विचारलं नाहीत. काहून नाही, कुणासंगं नाही. ताकाला मीठ कमी आहे म्हणालात आणि हात धुवायला उठलात. त्या शांततेची मला जितकी भीती वाटली तितकी तुमच्या ओरडण्याची कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बॅचला आलो तर कोपऱ्यातलं टेबल फिरवलेलं. स्क्रीन भिंतीकडे. कुणीतरी विचारलं तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खिडकीचा उजेड पडून राहिला स्क्रीनवर."

तिने कोर्स पूर्ण केला. वसमतचं स्थळ थांबून थांबून गेलं. आता ती हिंगोलीतच एका कचेरीत आहे आणि तिथलं सगळं कॉम्प्युटरचं काम तिच्या हाती आहे. वडील आले होते त्या दिवसाचा विषय निघाला की अजूनही म्हणते, तुझे बाबा भोळे गं.

पुढची वर्षं तुम्हाला फारशी मानवली नाहीत. बाहेर शिकायला गेलेली पोरं सुट्टीत यायची आणि सीडीवर लिनक्सचेच गेम आणायची, बंदुकांचे, गाड्यांचे. मग विंडोजचे गेम लिनक्सला पटवून चालवणारं काहीतरी निघालं. अर्धे मध्येच बंद पडायचे, पण अर्धे चालायचे. ज्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याने तुमच्यासमोर तसा एक चालवून दाखवला, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "यालाबी नासवलं." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टर्पेंटाइन घेऊन पाटीवरचं ते वाक्य पुसलंत. आई म्हणाली, राहू द्या की, कोण वाचतंय? तुम्ही म्हणालात, "पाटीवर खोटं नको." तुमचा पेंग्विन तेवढा राहिला, टर्पेंटाइनने एका बाजूला फिकट झालेला.

तेव्हापासून मी तुमच्यावर पाळत ठेवून आहे, बाबा, आणि तुम्ही गेल्यावरही ती थांबली नाही. पाटीवर खोटं न चालणारा माणूस त्या दिवशी त्याच पाटीकडे बोट दाखवून खोटं बोलला का? कामावर एखादं लॉगिन संशयास्पद वाटलं की मी मागे मागे जाते, तशी याच्यातही जाते. सकाळच्या मुलांच्या बॅचला तुम्ही चपला हातात घेऊन, मांजरासारखे वर यायचात आणि पोरांना रंगेहाथ पकडायचात. मग आमच्याच वेळी खोकला कुठून यायचा? घरी तर तुम्हाला कधी खोकला नव्हता. आणि टेबल फिरवल्यावर ती स्क्रीन दारातून दिसेनाशी झाली हे खरं, पण ती तुमच्या खुर्चीतूनही दिसेनाशी झाली. साऱ्या आयुष्यात तुम्ही एवढी एकच जागा न बघता सोडलीत. शिवाय ती खिडकी उत्तरेची होती. समोर गोदामाची भिंत होती. त्या खोलीत कुठल्याही स्क्रीनवर उजेड कधी पडलाच नाही.

हे पाठवायचं कुठे? लिहून झालं की पुसून टाकेन, मुलाच्या हाती नको. एवढं मात्र कबूल करते की मी दुसऱ्यांचा छडा लावते, पण यात मी शेवटची पायरी आजवर चढलेले नाही. तुम्ही आईपासून काही लपवत नव्हतात. ती दाराबाहेर शेंगा सोलते आहे, कान शाबूत आहेत, आणि मी विचारलं तर ती एका वाक्यात सांगेल. मी विचारलेलं नाही. तुम्ही खरंच फसला होतात असं ती म्हणाली तर?