हलकं नको, जड दाखवा

५ ऑक्टोबर, रविवार

परवा लिहिलं ते चुकलं. दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की फाटकापाशी मोटरसायकलवरचे दोघं म्हणाले, ‘गोळी मार देंगे.’ असं ते म्हणालेच नाहीत. मी घाबरले होते, म्हणून मनानेच ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. खरं वाक्य हे: ‘दीदी, अपने हाथों का ख़याल रखना. ठंड आ रही है.’ तेही हेल्मेट काढून, अदबीनं. एकाने तर नमस्ते केलं.

खरं वाक्य जास्त वाईट आहे. लहानपणच्या संधिवातानं माझी बोटं थंडीत आखडतात, हे आमच्या थाटीपुरच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

१८ नोव्हेंबरला माझी साक्ष. मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका वरातीत संग्रामसिंहच्या हातातल्या रिव्हॉल्वरची गोळी लागून ढोलवाला रामसेवक मेला. संग्रामसिंह म्हणतो, खिशात परत ठेवताना चुकून चालली. तो जामिनावर बाहेर आहे. एवढी मोठी वरात, पण कुणीच काही पाहिलेलं नाही! आई माझ्या शेजारी होती, ती म्हणाली मी पाठमोरी होते. राहिले मी. पोलिसांनी विचारलं, कुणाच्या हातात होतं? मी नाव सांगितलं. त्यापुढे काही विचारलं नाही.

मी साक्ष देणार. भीती वाटते हेही खरं. दोन्ही खरं आहे.

६ ऑक्टोबर

बंदुकीचं लाइसेंस आलं. कारण: जिवाला धोका. फोटोत मी चोरासारखी दिसते.

११ ऑक्टोबर, शनिवार

काकांबरोबर बंदुकीच्या दुकानात गेले. शिवाजीकाका बाबांसारखेच फौजेत होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले, दुकानदार त्यांना ओळखतो. त्यामुळे सगळा वेळ तो काकांशीच बोलला. लाइसेंस माझं, हात माझे, पण ‘बिटिया के लिए है? तो ये देखिए, लेडीज़ पीस. वज़न कुछ नहीं, पर्स में आ जाए.’

मखमली डबी उघडली. सराफ्यात गळ्यातल्याचा सेट दाखवतात तशी. आत छोटंसं रिव्हॉल्वर. खरंच हलकं! हातात घेतलं तर वाटलं, हे मला जमेल.

रिकामं होतं. त्याच्या परवानगीनं चाप दाबला. हलला नाही. दोन बोटांनी दाबला. थोडासा आला आणि माझी बोटंच थरथरायला लागली.

‘धीरे-धीरे आदत हो जाती है,’ दुकानदार म्हणाला.

‘मेरी उँगलियों को बीस साल में नहीं हुई,’ मी म्हणाले.

मग पिस्तूल. त्याच्यात चाप नरम, पण आधी वरची स्लाइड मागे ओढावी लागते, तेव्हा गोळी आत जाते. मला ओढवेना. काकांनी युक्ती सांगितली: स्लाइड ओढू नकोस, ती घट्ट धर आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकल, खांद्याचा जोर लाव. अर्ध्यापर्यंत गेली. तळव्याचं साल निघालं. काका म्हणाले, ‘अर्धी ओढलेली स्लाइड म्हणजे अडकलेलं पिस्तूल. त्यापेक्षा काठी बरी.’

मी म्हणाले, ‘भैया, सबसे भारी वाली दिखाइए.’

तो हसला. काकांकडे बघून हसला! ‘भारी? बिटिया से ये तो उठ नहीं रही.’

उचलणं आणि दाबणं वेगळं, हे त्याला समजावायचा कंटाळा आला. हलकं केल्याने आतली स्प्रिंग नरम होत नाही. उलट गोळी सुटली की हलक्याचा झटका जास्त बसणार, तोही माझ्याच मनगटाला. वजन मला पेलतं. मी आईला आंघोळीच्या पाण्याची बादली उचलून देते, कोपरात अडकवून. जोर नाही तो फक्त बोटांत.

गाडीत काका म्हणाले, ‘हे झटक्याचं तुला कुणी सांगितलं?’

‘तुम्हीच. जड तोफ कमी मागे सरते. घरच्या शाळेत.’

काकांनी गिअर बदलला. मग म्हणाले, ‘फार शिकवलं तुला.’

सहावीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. लिहायला हात चालत नव्हता, म्हणून आई मराठी शिकवायची आणि काका बाकी सगळं. त्यांचा एक नियम होता. पानाच्या मध्ये रेघ मारायची. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. डावीकडचं उजवीकडे गेलं तर चालेल, उजवीकडचं डावीकडे गेलं की कान पकडायचे.

१२ ऑक्टोबर

समरजीत आला होता, काकांचा मुलगा. म्हणाला, ‘गॅसचं बटण फिरवायला तू पक्कड घेतेस. पिस्तूल पण पक्कडीनेच चालवणार का? गुंडाला सांगशील, भैया ज़रा रुकना, औज़ार ले आऊँ?’

मी म्हणाले, ‘तुझ्या बंदुकीच्या लाइसेंससाठी कलेक्टरच्या नियमानं दहा झाडं लावायची होती, दहाही बकऱ्यांनी खाल्ली. तू माझी काळजी करू नकोस.’

आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग लगेच म्हणाली, ‘पण लवकर घे ग. कुठलंही घे, पण घे.’ साक्षीबद्दल ती एक शब्द बोलत नाही. बंदुकीबद्दल रोज बोलते.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. समरजीतने ओवाळणीत हात दाबायचा रबरी चेंडू दिला. चेष्टा म्हणून दिला असेल, पण मी वापरतेय.

२६ ऑक्टोबर, रविवार

काका नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. त्यांचं जुनं रिव्हॉल्वर, लोखंडी, चांगलं जड. हातात घेतल्याबरोबर बरं वाटलं. ते हललंच नाही, जागच्या जागी राहिलं.

चाप मात्र नेहमीसारखाच. एका बोटानं काही झालं नाही. दोन्ही हातांची बोटं एकावर एक ठेवून दाबला तर नळीचं तोंड भिंतीभर फिरलं. काकांनी लगेच हात धरला.

‘थांब. पुढचा तो चाप, मागे उभा आहे तो घोडा. आधी घोडा मागे घे, मग चाप नरम होतो. एका अंगठ्यानं नाही झालं तर दोन्हींनी. आता बोट नुसतं टेकव.’

दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे घेतला. कट् असा आवाज झाला. मग बोट टेकवलं मात्र...

कागदाच्या कोपऱ्याला भोक पडलं. काका म्हणाले, ‘शाबास!’ मला ते ऐकू आलं, पण मी खाली बसले. त्यांना वाटलं, झटक्यानं घाबरले.

झटका काहीच नव्हता. मला अंगठा आठवला.

२७ ऑक्टोबर

रात्री झोप नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी पानाच्या मध्ये रेघ मारली.

दिसलं: रामसेवक ढोल वाजवायचा थांबला. म्हणाला, ‘साहब, हाथ जवाब दे गए, दो मिनट.’ संग्रामसिंहच्या डाव्या हातात काचेचा ग्लास. उजव्या हातात रिव्हॉल्वर, वर आकाशाकडे. त्याचा अंगठा मागे गेला. मग हात खाली आला. मग आवाज.

वाटलं: तेव्हा वाटलं की तो अंगठ्यानं रिव्हॉल्वरला लागलेलं काहीतरी पुसतोय. हार, गुलाल, काहीतरी.

पोलिसांना अंगठ्याचं सांगितलं नाही. लपवलं नाही, ते सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. ज्याला चाप सहज दाबता येतो त्याला हा फरक कधी कळणारच नाही. मला दाबता येत नाही म्हणून कळला. तो चाप खिशात ठेवताना, कशाला तरी लागून, आपोआप दाबला जात नाही. आणि घोडा मागे घेऊन कुणी रिव्हॉल्वर खिशात ठेवत नाही.

पण हे मला आत्ता सुचतंय, की तेव्हा दिसलं होतं? दिवसभर स्वतःची उलटतपासणी केली. एकाच गोष्टीवर टिकले. त्याच्या अंगठ्यात जाड अंगठी होती आणि मागे जाताना तिच्यावर वरातीचा दिवा चमकला. अंगठी मी मनानं घालणार नाही. मला अंगठ्यांचा शौक नाही.

डावीकडेच राहू दे.

२ नोव्हेंबर, रविवार

काकांना न घेता दुकानात गेले. दुकानदारानं मागे पाहिलं, कुणी पुरुष येतोय का. कुणी आलं नाही.

पॉइंट बावीसचं, सगळ्यात लहान गोळीचं रिव्हॉल्वर मागितलं, लांब नळीचं, पूर्ण लोखंडी. त्याच्याकडे एक होतं, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं, फक्त दाखवायला. घोडा एका अंगठ्यानं मागे आला. एका! दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा दुखलं, पण आला.

‘इससे तो कबूतर भी बुरा मान जाए,’ तो म्हणाला. ‘मेरी मानिए, बत्तीस बोर लीजिए. चोट तो लगे.’

‘जो चलेगी ही नहीं, उससे किसको चोट लगेगी? आपको?’

मग त्यानं नीट माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, मागवतो, सतराला, सोमवारी येईल. पहिल्यांदाच मला ‘मैडम’ म्हणाला.

माझं हत्यार मी निवडलं. सगळ्यांना ते खेळणं वाटतं. वाटू दे.

८ नोव्हेंबर, शनिवार

काका आले. चहा घेतला नाही, तेव्हाच कळलं.

‘शिखा, दिग्विजयसिंह भेटले होते.’ म्हणजे संग्रामसिंहचे वडील. ‘माणूस वाईट नाही. तू खोटं बोल असं कुणीच म्हणत नाही. एवढंच म्हण की मुद्दाम की चुकून, ते मला कळलं नाही. तुला कुठे कळलं होतं?’

‘तेव्हा नव्हतं कळलं. आता कळलंय.’

‘कुठून?’

‘तुमच्या रिव्हॉल्वरनं.’ मग अंगठ्याचं सांगितलं. अंगठीसुद्धा.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी विरोध केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, ‘हे अजून कुणाला सांगितलंस?’

‘नाही.’

‘सांगू नकोस. बाळा, मी दोन लढाया पाहिल्यात. एकट्या साक्षीदाराचं काय होतं तेही पाहिलंय. ते तुझं बावीस बोर...’

‘काका, दिसलं कुठल्या बाजूला लिहायचं?’

ते उठले. दारात बूट घालताना त्यांना नाडी बांधता येईना. मी बांधून देऊ शकत नव्हते, माझीही बोटं चालत नव्हती. तशीच सुटी नाडी घेऊन गेले.

मला ते फार आवडतात. हे कुठल्याच बाजूला बसत नाही.

९ नोव्हेंबर

मोटरसायकल पुन्हा. थांबली नाही, नुसता हॉर्न. मी गच्चीवरून वाकून नंबर लिहून घेतला, त्यांना दिसेल असा.

१३ नोव्हेंबर

सरकारी वकिलांना भेटले. अंगठ्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘पहले क्यों नहीं बताया, यही पूछेंगे. और आप अकेली हैं. तैयार रहिए.’ मी म्हणाले, तयार आहे. बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले. संग्रामसिंहचे वकील विचारतील, आपण किती पावलांवर होतात, कुठला हात, दिवा कुठे होता, आपल्याला तर हात चालवायचीही अडचण, डोळे ठीक आहेत ना? विचारू देत. मी प्रत्येक प्रश्नाला दिसलं तेवढंच सांगेन. एकटी असले तरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईला विचारलं. तिला उत्तर सुचवायचं नव्हतं, म्हणून अंगठा हा शब्दच काढला नाही. नुसतं विचारलं, ‘त्याचा हात तुला दिसला होता का?’

आई मेथी निवडत होती. ‘मी पाठमोरी होते, सांगितलंय ना.’

‘बरं.’

देठं आणि पानं एकाच भांड्यात टाकत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

काका पुन्हा आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आई पदराला हात पुसत बाहेर आली.

‘भाऊजी, तिला समजावू नका. मी पाठमोरी नव्हते. त्यानं अंगठ्यानं घोडा मागे घेतला आणि मग हात खाली आणला. मी फौजीची बायको आहे, मला तेव्हाच कळलं होतं. सांगा दिग्विजयसिंहांना, एक नाही, दोघी आहेत.’

काका म्हणाले, ‘उषावहिनी, तुमच्या पहिल्या जबानीचं काय?’

‘ती खोटी होती, हेच सांगीन.’

उद्या सकाळी वकिलांकडे आधी आई जाणार, मग मी दुकानात, रिव्हॉल्वर आणायला. परवा, मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, कोर्ट उघडायच्या आधी आम्ही दोघी दारात असू.