कासव काढलं, मामा

प्रिय मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (एरवी 'पाया पडते' असंच लिहिलं असतं, पण आईने बजावलंय की पत्रात पायाचा विषय काढायचा नाही, तुला त्रास होतो. तेव्हा या वेळी डोक्यावर भागव.) तब्येत कशी आहे, असं विचारायची पद्धत असते म्हणून विचारते. तू 'बरं आहे' म्हणणार हे मला माहीत आहे. आई पण तुला भेटून आली की 'बरं आहे' म्हणते आणि स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडून रडते, मला ऐकू येऊ नये म्हणून. आता नळाचा आवाज आला की मी दाराशी जाऊन डोकावते, मग ती नुसती भांडी घासत का असेना. डॉक्टर म्हणतात डावा पाय गुडघ्याखालून काढायला हवा, नाहीतर विष वर चढेल आणि मग काढायलाही काही उरणार नाही. तू म्हणतोस 'बघू'. झालं, काढलाच विषय. आता पुन्हा नाही काढणार.

माझं बुटांच्या दुकानातलं काम चालू आहे. मी मागे गोदामात असते. मालकीणबाई पुढून ओरडतात, 'सात नंबर, काळा, नाडीवाला!' आणि मी खोकं खिडकीतून पुढे सरकवते. गिऱ्हाइकाला माझा फक्त हात दिसतो. माझ्यासारखीला याहून चांगली नोकरी जगात नसेल. (शाळेत उभं राहून वाचायला लावायचे आणि माझा आवाजच फुटायचा नाही. शेवटी मी जायचंच बंद केलं. तेव्हा ज्याला त्याला मला काहीतरी सांगायचं होतं. तू एकटा काही न बोलता कार्डांचं खोकं घेऊन आलास आणि समोर बसून पिसायला लागलास.) दुकानाच्या काचेत आम्ही फक्त उजवे बूट मांडतो, डावे माझ्याकडे आत. एकटा बूट कोणी चोरत नाही ना! पण उन्हाने उजव्याचा रंग उडतो, मग ती जोडी विकली जात नाही आणि दोन्ही बूट पोत्यात जातात. डावा कोरा करकरीत असतो, त्याची काही चूक नसते, तरी जातो.

तर मुख्य सांगायचं म्हणजे, मामा, मी तुझा डेक मोडला. ओरडू नकोस, आधी ऐक. (तू कधी ओरडला नाहीस म्हणा, पण इस्पितळात माणूस बदलतो.) तुझ्या डेकमधली निवडून लावलेली कार्डं म्हणजे काय, तर भिंत, तिच्यामागे खंदक, खंदकामागे आणखी एक भिंत आणि या सगळ्याच्या मागे तुझं म्हातारं कासव. कासव काहीच करत नाही, फक्त मरत नाही. समोरच्याने वीस प्राण घेऊन यावं, कंटाळून चुका कराव्यात, एकेक करत ते सगळे गमवावेत आणि आपण बसल्या जागी जिंकावं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तू, आणि तुझं सगळं 'वेळ आहे अजून'वर चाललेलं! घरात आपल्या दोघांत ते चालायचं. पण कोपऱ्यावरच्या कार्डांच्या दुकानात सगळे खेळायला जमतात, तिथे माझी दुसरी भिंत उभी राहायच्या आतच मला पोचवतात.

त्यात एक चष्मेवाला आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो म्हणून चष्मेवाला, वय आईएवढं. त्याने मला इतक्या वेळा हरवलं की शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, 'अगं, जिंकायचं असेल तर मारामारीचा डेक बांध. एकेक कार्ड हातात घ्यायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू आल्या आल्या काय करणार? पुढे कधीतरी उपयोगी पडेन म्हणालं, की बाहेर!' (आपल्या नात्यातल्या माणसांना असं विचारलं तर लग्नकार्याला चार जण उरायचे नाहीत.) मी विचारत गेले. भिंती गेल्या, खंदक गेले. त्यांच्या जागी लांडगे भरले, स्वस्तातले, हाडकुळे, एका फटक्यात मरणारे, पण आल्या आल्या चावणारे. आणि रक्ताचा भाला घातला. हे कार्ड तू खोक्याच्या तळाशी पालथं घालून ठेवलं होतंस, आठवतं? स्वतःचे चार प्राण द्यायचे आणि समोरच्याचे सहा घ्यायचे. तेव्हा म्हणाला होतास, 'स्वतःचं कापून कोण लढतं?'

कासव मात्र निघेना. काढलं, परत घातलं, परत काढलं. चष्मेवाला म्हणाला, 'हे कासव काय तुझ्या नात्यातलं आहे का?' मी मान डोलावली. मग मीच काढलं.

पण मारामारीच्या डेकमध्ये एक भानगड आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. हल्ला करताना 'हल्ला' असं मोठ्याने म्हणावं लागतं. समोरच्याला ऐकू गेलं नाही तर धरत नाहीत. तुझ्या डेकमध्ये तोंड उघडायची वेळच यायची नाही (म्हणूनच आपल्या दोघांचं जमलं). पहिल्या दिवशी मी इतक्या हळू म्हटलं की चष्मेवाला स्वतःची खेळी खेळून मोकळा झाला आणि वर विचारतो, 'काही म्हणालीस का?' माझे लांडगे बिचारे औषधाच्या दुकानापुढे रांग लावल्यासारखे नुसते उभे. हरले.

मग मी गोदामात सराव केला. दार लावलं, खोक्यांच्या थप्पीसमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, 'हल्ला!' बाहेर एक बाई बूट घालून बघत होत्या. त्या उठल्या त्या तशाच पळाल्या, एका पायात आमचा बूट, दुसऱ्यात स्वतःची चप्पल. मालकीणबाई वरची खोकी काढायची काठी घेऊन आत आल्या. 'कोणी केला हल्ला?' मी म्हटलं, 'मी.' 'कोणावर?' मी म्हटलं, 'आठ नंबरवर.' त्यांनी आधी आठ नंबरच्या थप्पीकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'एवढा आवाज होता, तर इतके दिवस तोंडात काय गुळणी धरून बसली होतीस?' नोकरीवरून काढलं नाही. पण आता खोकं मागताना जरा जपून मागतात.

मग परवा खरा डाव झाला. 'हल्ला' म्हटलं, दुकानाच्या टोकाला ऐकू गेलं. लांडगे मेले, पण चावून मेले. चष्मेवाल्याचे सहा प्राण उरले, माझे पाच. आणि माझ्या हातात काय, तर रक्ताचा भाला. चार द्यायचे, सहा घ्यायचे, संपलं. पण मी त्या पाचाकडे बघत बसले. म्हटलं चार दिले तर एकच उरेल, एवढ्याशाने कसं होणार? माझ्या तोंडून शब्द निघाला, 'बघू.' पुढच्या खेळीत बघू. पुढच्या खेळीत प्राण वाढणार होते थोडेच? या डेकमध्ये वाढवणारं काहीच नाही, कासव तर मीच हाकललेलं. त्याने एकदा हल्ला केला आणि माझे पाचच्या पाच गेले.

तो उठताना म्हणाला, 'दाखव बरं, हातात काय होतं?' मी दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ धरलं. 'अगं, हे होतं हातात? मग वाट कसली बघत होतीस? एक प्राण उरला असता की! एकात भागतं.'

मामा, मला उत्तर आलं नाही. मी घरी येऊन पण विचार केला, तरी आलं नाही. तुला सुचलं तर कळव.

पत्र फार लांबलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना नमस्कार सांग. गोळ्या उशीखाली लपवू नकोस, आईला सापडतात.

तुझी,
भाची

ता. क. आईबरोबर हा नवा डेक पाठवते आहे. त्यात कासव नाही, शोधू नकोस. ते माझ्याकडे आहे. घरी येशील तेव्हा देईन. घरीच देईन, तिकडे नाही.

आणखी एक ता. क. पोत्यात जाणाऱ्या बुटांतून आठ नंबरचे तीन उजवे बूट मी तुझ्यासाठी काढून ठेवलेत. रंग थोडा उडालाय, तळ मजबूत आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, 'अगं, यांचे डावे पण घेऊन जा की.' मी 'नको' म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

शेवटचं. उद्या सकाळी डॉक्टर तुला पुन्हा विचारणार आहेत आणि आई म्हणते की यानंतर ते विचारणार नाहीत. ते विचारतात तेव्हा तू चादरीकडे बघून काहीतरी पुटपुटतोस आणि ते पुढच्या खाटेकडे जातात. मला तुझं पुटपुटणं कळतं, त्यांना नाही कळत. उद्या 'हो' म्हण, मामा. पण मोठ्याने म्हण. ऐकू गेलं नाही तर धरत नाहीत.