वाद्यवृंद आणि माझं नाक

४ तारीख, सोमवार

संचालकसाहेब आज निवृत्त झाले. निरोप घेताना सगळ्यांदेखत म्हणाले, "मी नुसते हात हलवले. वाद्यवृंद चालतो तो चेलोवाल्या बाईंच्या नाकावर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरंच निघालं. माझ्या चेलोच्या गजाला लावलेल्या राळेची भुकटी नाकात जाते, म्हणून वाजवायला घेण्याआधी मी 'सूं' करून नाक ओढते. आणि इतकी वर्षं सगळे त्या सूंवरच सुरू होत होते! ट्रम्पेटवाला म्हणाला, "बाई, छडीकडे बघतंय कोण?"

५ तारीख

समितीने मला हंगामी संचालक केलं! शनिवारचा कार्यक्रम पार पडला तर कायम. शाळेत असल्यापासून हेच हवं होतं मला.

आईला सांगितलं. "म्हणजे ते कपाट आता घरात घुमायचं नाही ना?" कपाट म्हणजे माझा चेलो, माणसाएवढं व्हायोलिनच ते. मी वाजवायला बसले की ही दार लावून आतल्या खोलीत.

६ तारीख

तालीम झकास! छडी उचलली, सूं केलं — सगळे एका दमात सुरू.

७ तारीख

घात झाला. नाक मोकळं झालं! चेलो सुटला, राळ सुटली, सूं गेली. छडी उचलली — शांतता. पुन्हा उचलली. ड्रमवाल्याने जांभई दिली. मुद्दाम नाक ओढलं, तर व्हायोलिनवाली म्हणते, "खोटं वाटतंय. मनापासून करा."

मनापासून! कपाळ माझं!

८ तारीख

राळ कुटून रुमालात चोळली. हुंगला. आली, सूं आली! जीव भांड्यात पडला.

९ तारीख, शनिवार

झाला एकदाचा कार्यक्रम.

आई पहिल्या रांगेत. आयत्या वेळी केस सारखे करायला रुमाल तिच्या हातात दिला — "धर जरा" — आणि तशीच मंचावर चढले. छडी उचलल्यावर आठवलं. नाक ठणठणीत कोरडं, आणि सगळे टक लावून त्याच्याकडेच बघतायत! मागे कुणीतरी खोकलं, तर बासरीवाला सुरू होता होता राहिला. मला रडू कोसळणार, इतक्यात पहिल्या रांगेतून —

सूं!

आईने माझ्या रुमालाने चष्मा पुसला होता. नाक एकच आहे आमचं, तिच्याकडूनच आलंय. सगळे असे वाजले म्हणता! आणि पुढे जिथे जिथे हवी तिथे तिथे तिची सूं, अगदी वेळेवर. हिला कसं ठाऊक, कुठे काय येतं ते? म्हणजे दाराआड बसून ही सगळं ऐकत होती. इतकी वर्षं! मला बोलली नाही कधी.

घरी येताना विचारलं, "रडत होतीस ना?"

"छे गं! काय फासलंस त्या रुमालाला?"

डोळे मात्र लाल होते.

१२ तारीख

समितीचा फोन आला. कायम नेमणूक झाली. आईची.

मी परत चेलोवर. पहिल्याच तालमीत आईने पाठीला उशी घेतली, रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "ए, ते कपाट जरा हळू."