फोटोमागचा शिक्का

७ ऑगस्ट १९८९, सोम.
वेअरहाउसला आज परतीचे गठ्ठे. न खपलेल्या परदेशी मासिकांची मुखपृष्ठं फाडायची, ती प्रकाशकाकडे परत. बाकी अंक लगदा करायच्या पोत्यात. आठ वर्षं हेच काम, हात आपोआप चालतो. सगळ्यात जड गठ्ठा 'म्हातारी'चा. नाव मी ठेवलेलं. स्पॅनिश साप्ताहिक आहे, कित्येक वर्षं अखंड निघतंय म्हणे. राजकन्यांची लग्नं, भूकंप, बैलांच्या झुंजी, शब्दकोडं, केकची कृती, सगळं एकाच ताटात. भाषा येत नाही, फोटो बघते.

तीनच्या सुमारास एका फोटोत दादा दिसला. बंदराच्या फाटकाशी वीसेक माणसं. एक जण भिंतीला पाय टेकवून बगळ्यासारखा उभा. आमच्या घरात असं तोच उभा राहायचा.

पान फाडून खिशात घातलं. घरी आल्यावर कळलं की पानावर तारीख नाही, नुसता आकडा, ४७. मुखपृष्ठ सवयीने आधीच फाडलं होतं, अंक पोत्यात गेला. इतक्या वर्षांत एकच अंक वाचवायचा होता, तर तो...

९ ऑगस्ट, बुध.
कॅन्टीनमधल्या पिलारला पान दाखवलं. तिची भाषा तीच. फोटोखाली म्हणे 'संपावरचे बंदर कामगार', बास. नावं नाहीत, गाव नाही.

"पण कुंदा, हे जुन्या फोटोंचं पान असेल. दर आठवड्याला ते आपल्या कपाटातलं काहीतरी छापतात."

म्हणजे गेल्या महिन्यातला किंवा दहा वर्षांपूर्वीचा. दादाचं शेवटचं पत्र ८१ चं, जहाजावरून. फोटो त्याआधीचा असेल तर काहीच कळलं नाही. नंतरचा असेल तर दादा जिवंत असणार.

१२ ऑगस्ट, शनि.
मोरे आले, ब्रॅकनेलहून. कॉम्प्युटरमध्ये आहेत, विधुर. ३० सप्टें. ला वहिनीशी लग्न. वहिनी म्हणजे दादाची बायको. सात वर्षांहून जास्त पत्ता नाही म्हणून कोर्टाने दादाला मेलेला ठरवलं. तो कागद फ्रीजवर मॅग्नेटखाली, दुधाच्या बिलाशेजारी. लग्न म्हणजे सकाळी रजिस्ट्री, मग हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील आणि जेवण.

"कुंदाताई, तुम्ही वीकेंडला येत जा. स्पेअर रूम आहे, तुमचीच समजा."

चांगला माणूस. नावं ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बूटसुद्धा दाराशी जोडून ठेवतो. चहा ओतताना वहिनी कशालातरी हसली. पुष्कळ दिवसांनी ऐकलं.

पान माझ्या कपाटात, स्वेटरखाली.

१३ ऑगस्ट, रवि.
लिहून टाकलेलं बरं. वहिनी गेली की हाउन्सलोच्या या घरात मी एकटी. मला ती जायला नकोय. तेव्हा पान दाखवावंसं वाटतं ते दादापायी की माझ्यापायी, माझं मलाच सांगता येत नाही. आणि न दाखवावं, तर तो माझा सख्खा भाऊ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१६ ऑगस्ट, बुध.
म्हातारीच्या ऑफिसला पत्र टाकलं. पिलारने लिहिलं. फोटो कधीचा, कुठला, एक प्रत मिळेल का. अंक कुठला ते सांगता येईना.

पिलार म्हणाली, "लिहू का, की मुखपृष्ठ आम्हीच तुम्हाला परत पाठवलंय?"

दोघी हसलो. मग शेवटी पानाचा आकडा आणि माझं वर्णन, भिंत, पाय वगैरे.

३ सप्टें., रवि.
लग्नाची साडी आली. पांढरी, बारीक जरीची.

वहिनी : कुंदा, तुझं काहीतरी चाललंय. जॉबवर कटकट आहे का?
मी : पाठ.
वहिनी : मग जीपीची अपॉइंटमेंट घे ना. इतके दिवस अंगावर काढतेस.

आठ वर्षं माझ्या पाठीची काळजी ही करते.

२८ सप्टें., गुरु.
आलं. पुठ्ठ्याचं पाकीट, आत फोटो, मूळ, मोठा. सोबत तीन ओळी टाइप केलेल्या. पिलारने वाचल्या : कामगारांची नावं आमच्याकडे नाहीत. फोटो कधीचा ते मागच्या शिक्क्यात आहे. आपल्या आस्थेबद्दल आभार.

ती फोटो उलटा करायला गेली, मी तिचा हात धरला. का धरला, माहीत नाही. मागे जांभळं काहीतरी आहे एवढंच दिसलं. तोच आहे. मोठ्या फोटोत शंकाच राहत नाही.

२९ सप्टें., शुक्र.
मॉर्निंग शिफ्ट करून आले. वहिनी स्वयंपाकघरात साडीला इस्त्री करत होती. पाकीट टेबलावर ठेवलं, सगळं सांगितलं. पोत्यापासून शिक्क्यापर्यंत. सात आठवडे लपवलं तेही.

रडली नाही. चष्मा घातला, बसली. खूप वेळ बघत होती.

"शर्टाची इस्त्री बघ."
"हं."
"त्याला कधी इस्त्री धरता आली नाही. कॉलरसुद्धा नीट बसवलीय कोणीतरी."

मी म्हटलं, जुना असेल तर ती इस्त्री तुमचीच असेल. मागे तारीख आहे.

"तू वाचलीस?"
"नाही."
"मग अजून तरी आपल्याला काही माहीत नाही."

शिक्क्याच्या बाजूला हातही लावला नाही. फोटो होता तसा ठेवला, साडीची उरलेली बाजू इस्त्री केली, घडी घातली. सकाळी दहाची टॅक्सी सांगितलीय म्हणाली, केस आज धुऊन घे. रागावली का विचारलं, तर म्हणाली, "तुझ्यावर? नाही ग." आणि वर गेली.

साडेचार वाजले. मोरेंचा फोन वाजून बंद झाला, तिने वरून घेतला नाही. फोटो टेबलावर, दादा वर बघतोय. टेबल पुसायचंय, म्हणजे तो उचलावा लागेल.