मधला खंड्या

ता. ४ जून

चि. चिमणीस,
काका-काकूंचे भरभरून आशीर्वाद.

तू रंगवलेली तीन खंड्यांची फळी सुखरूप पोचली. सांगितल्याप्रमाणे खाली नावं घातली. डावीकडे ‘काळ्या पाठीचा खंड्या’, उजवीकडे ‘तांबड्या पाठीचा खंड्या’. दुकानांच्या पाट्या रंगवून हात राठ झालाय, पण एवढ्याशा पाखरांखाली बारीक अक्षर काढताना मजा आली. दोघं सख्खे भाऊच दिसतात. पिवळं पोट तेच, लाल चोच तीच; फरक काय तो पाठीचा आणि कानाजवळच्या निळ्या डागाचा. मधल्याची पाठ मात्र तू काळी करता करता सोडून दिलीस. घाईत असशील. मी पूर्ण करून टाकली. तेलरंग संपला होता, म्हणून पाण्यातला काळा घेतला. धरत नव्हता, तरी दोन हात दिले. आता कुणी नावं ठेवणार नाही.

तब्येतीला जप.
काका

ता. ९ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही, पण पत्र वाचून लगेच लिहायला बसले. मधला अर्धवट नव्हता हो, तो तसाच आहे. या दोन जातींची जोडी जमली की असं पिल्लू होतं. पाठीवर काळं-तांबडं मिसळलेलं, कानाजवळचा डाग पुसट. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी लावलेल्या आमच्या जाळ्यात सापडला, हातात धरून पाहिला, सोडून दिला. कॅमेरा नेमका भिजलेला. आमचे संशोधनाचे सर म्हणतात, या जंगलात असा पक्षी नाही, तुला भास झाला. चित्र पटलं तरच पुन्हा जाळं लावू. पुढच्या सोमवारी दाखवायचंय. काही करता येईल का?

काकूला नमस्कार.
तुमची चिमणी

ता. १३ जून

चि. चिमणीस,
अतिशहाण्या काकाचे आशीर्वाद गोड मानून घे.

ओल्या कापसाने काळा पुसला. तुझा तेलरंग खाली जसाच्या तसा. काकू शेजारी बसून बघत होती. म्हणाली, हे कोणावर गेलंय? मी म्हटलं, दोघांवर. मधल्याखालची जागा कोरी ठेवलीय. पाट्या रंगवणाऱ्याच्या डोळ्यांना कोरी जागा खुपते, पण तू सांगितल्याशिवाय ब्रश लावणार नाही.

फळी आजच परत पाठवतोय. सोमवारी मान वर ठेवून जा.
काका

ता. २० जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सर भिंग घेऊन बराच वेळ बसले. पंखाच्या कडेला हा काळा ठिपका कसला, असं विचारलं. तो तुमचाच राहिलेला रंग. मी नखाने खरवडून काढला. ते हसले नाहीत. जाळं नेमकं कुठे लावलं होतं, एवढंच म्हणाले.

उद्या पुन्हा जाळं लावायला निघतोय. परत आल्यावर आणखी चित्रं पाठवीन. एखादं अर्धवट वाटलं, तर आधी विचारा.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची चिमणी