एकोणचाळीस पानं आणि शिवऱ्याची तसबीर

आपली वाडी, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. धनाजी दाजींना कुंडलिकचा वाकून नमस्कार.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. (डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही माळ्यावर चढलात, हे सगुणानं फोनवर सांगितलं. त्यावर मी काही बोलत नाही. आमची बहीण बोलते तेवढं तुम्हाला पुरे.) सगुणाचा आवाज फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी खणखणीत येतो, म्हणून तिची तब्येत विचारत नाही.

फोन असताना पत्र का, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मधेच "जेवलात का?" विचारता, मी काय भाजी होती ते सांगत बसतो, आणि मुद्दा ताटाखाली राहतो. कागद मधे बोलत नाही.

पहिल्यांदा तुमचे उपकार. शिवऱ्याला हायवे रुंद झाला, तुमच्या घराची पुढची भिंत पाडायची वेळ आली, तेव्हा तुम्ही टीव्ही बाहेर काढायच्या आधी आमच्या आईची तसबीर बाहेर काढली होती. सासूची तसबीर टीव्हीच्या आधी काढणारा जावई मी भोर आणि वेल्हे दोन्ही तालुक्यांत दुसरा पाहिला नाही. हे मी आजवर तोंडावर बोललो नाही, तेव्हा आज लिहून टाकतो.

आता तसबिरीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात मोहिनी नावाची एक मुलगी आमच्याकडं आली. भोरची, पुण्यात शिकून मोठी झालेली. भोर-वेल्ह्याच्या फोटोंची आजवर जेवढी पुस्तकं निघाली त्यांचा इतिहास ती लिहिते आहे. (असाही इतिहास असतो, दाजी. मला वाटायचं इतिहासाला निदान एक लढाई लागते.) तिनं मला दोन जुनी पुस्तकं दाखवली. पहिल्यात नुसते किल्ले आणि बुरूज. माणूस एकच, आणि तोही बुरूज किती उंच आहे ते कळावं म्हणून खाली उभा केलेला. दुसऱ्यात धरणाचं पाणी, उजवीकडून पाणी, डावीकडून पाणी. माणसांचं असं पहिलं पुस्तक म्हणजे आपल्याकडं दोन हिवाळे हिंडलेल्या त्या फोटोवाल्याचं. त्याच्या बाकीच्या प्रती छापखान्यातच भिजून गेल्या. वाचली ती एकच, त्यानं आठवणीनं आपल्या वाडीला पोस्टानं पाठवलेली. मोहिनीच्या यादीत त्याचं नाव होतं, पण पुस्तक तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"आजोबा, ते पुस्तक कुठंय?"

मी म्हणालो, "गावभर आहे."

तिला वाटलं, घरोघरी एकेक प्रत आहे. पोरीचा चेहरा असा फुलला, की चहा संपेपर्यंत खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्हाला हे कधी कुणी नीट सांगितलं की नाही, ठाऊक नाही. पुस्तक आलं तेव्हा देवळात ठेवलं होतं. आठ दिवसांत भांडणं सुरू. आमचा म्हातारा त्यात आहे, आमची आजी त्यात आहे, मग पुस्तक आमच्या घरी का नको? शेवटी ठरलं, ज्याचं माणूस त्याचं पान. आणि कात्री चालवणारा वाडीत एकच, मी. शिवणकाम मला कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तक फाडणंही नाही. दोन्ही मी नजरेनंच शिकलो. खडूची रेघ मारून चाळीस पानं कापली, आणि शिवणीला दाब सोडतात तसा आतल्या अंगाला अर्धा इंच कागद सोडला. (त्या अर्ध्या इंचासाठी मोहिनीनं माझे हात धरले. म्हणाली, आता पुस्तक पुन्हा जुळवता येईल. उगाच सोडलेला दाब असा चाळीस वर्षांनी उपयोगी पडला.)

पण कापून झाल्यावर अक्कल आली. पानाला दोन बाजू असतात! पुढं सिद्धनाथचा आजा नांगर धरून उभा, तर मागं भिमाचा आजा विडी ओढत बसलेला. आणि त्या दोन घरांत बांधावरून बोलणं बंद. मग पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावली. दोन्हीकडून काच घातली; दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत तसबीर एका घरी, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत दुसऱ्या घरी. भिमानं बोटं मोजून पाहिलं, त्याच्या वाट्याला सतरा-अठरा दिवस कमी येतात. अधिक महिना आला की तो कुणाच्या पाळीत धरायचा यावर ग्रामसभा. पण एक सांगतो, वर्षातून दोन वेळा तसबीर द्यायला-घ्यायला दोघे उंबऱ्यावर यायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. "घे तुझा म्हातारा." "दे. माझ्याच्या विडीचा धूर तुझ्याला लागला न्हाई न्हवं?"

तर गेले तीन आठवडे मी आणि मोहिनी दारोदार पानं गोळा करत हिंडलो. एकानं पान द्यायच्या आधी आजीची आरती केली आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. असं पाच घरी झालं, माझा पट्टा एक भोक पुढं सरकला. वाडी सोडून गेलेल्यांकडंही गेलो; कापूरहोळच्या अमृतच्या गॅरेजात त्याचा चुलता टायरांच्या मधोमध टांगलेला होता. अमृत म्हणाला, "न्या, पण उद्या गिऱ्हाईक विचारंल, मालक कुठं गेलं?" किकवीला एका बाईनं कपाळाला कुंकू लावून लावून आजेसासूच्या कपाळाला भोक पाडलं होतं. मोहिनी म्हणाली, तेही असंच राहू द्या, इतिहासच आहे तो. कुणी नाही म्हणालं नाही, दाजी. एक घर नाही. या वाडीचे उपकार मी कुठं फेडू?

एकोणचाळीस पानं झाली. चाळिसावं तुमच्या भिंतीवर आहे.

ते तुमच्याकडं कसं आलं ते तुम्हाला माहीत आहे. सगुणा टेम्पोत चढेना. आई तर तिच्या शेजारीच उभी, तरी हिला फोटोतली आई बरोबर हवी. मी आत गेलो, मागं पुठ्ठा लावला, चार खिळे ठोकले आणि तसबीर तिच्या मांडीवर ठेवली. लेकीला पाठवणीत दिलेलं परत मागू नये, हे मलाही कळतं. म्हणून एवढी प्रस्तावना. मोहिनीला आठ दिवस पान हवं आहे; पुस्तक जुळवून ती त्याची नक्कल काढणार, मग ज्याचं पान त्याच्या घरी परत. मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही, मी विचारलं. एक पान कमी पडलं तर आपलं पुस्तक 'अपूर्ण' म्हणून नोंदलं जाईल, आणि ते अपूर्ण राहायला कारण पुस्तक कापणाऱ्याचंच घर! आठ दिवसांसाठी द्यावे, एवढीच विनंती.

सगुणाला आशीर्वाद. माळ्यावर चढू नये.

तुमचा,
कुंडलिक

ता. क. : आठ दिवस म्हणालो ते खरं नाही. त्या पानालाही मागची बाजू आहे. आमच्या आईच्या पाठीमागं वरच्या वस्तीवरचा म्हादू धनगर आहे, खांद्यावर कोकरू घेतलेला. सगुणाला हे ठाऊक नाही, तिच्यावर रागावू नका. म्हादूचा पोरगा गेनू तेव्हा मेंढरं घेऊन खाली गेला होता. पाळी मागायला आला तेव्हा पान शिवऱ्याला पोचलं होतं. सगळ्या वाडीला पाळी लावणारा मी, आणि माझ्याच घरात मोडली. गेनू एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. लेकीसंगं गेलंय, माघारी मागू नगा." त्यानंतर त्या पानाबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द नाही. म्हादूचा दुसरा फोटो कुठंच नाही. मोहिनी आईचा मोठा, स्वच्छ फोटो छापून सगुणाला देणार आहे. मूळ पान गेनूच्या घरी राहावं, अशी माझी इच्छा आहे. सगुणा मनानं देईल तरच. तिला हे तेवढं वाचून दाखवा, वरची थट्टा गाळून.

ता. क. दुसरा : हे पत्र घेऊन आलेला माणूस गेनूच आहे. मेंढरांचं औषध आणायला निघाला होता, मी म्हणालो, एवढं दाजींना देऊन ये. पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही. बस म्हटल्याशिवाय तो बसत नाही, म्हणजे तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचताय तोवर दारात उभाच असेल. हे मला वरच लिहायला हवं होतं. आधी त्याला बसवा, चहा द्या. मग सगुणा हो म्हणाली तर मागचे चार खिळे तुम्ही काढा. पान मात्र त्याचं त्याला उलटू द्या.