शालूवरची हळद तुमी काऊन काढली

आत्याबाई,

तुमचा पेटारा काल परत उघडला. दर साली दिवाळी झाली, हवेतली ओल गेली का मी उघडतोच, तुमी उघडत होत्या तसाच. पन औंदा नुसती घडी बदलाची म्हून नाही उघडला. पोरीचं लगन ठरलं हाय, अन् तिले माहा लग्नातला शालू नेसाचा हाय. थो तिले द्यावा का नाही, हे मले समजूनच नाही राह्यलं. तुमी असत्या तं एका शब्दात सांगून मोकळ्या झाल्या असत्या, अन् थो शब्द बहुतेक शिवीच असता. तुमाले जाऊन इतकी सालं झाली, पन सुनेले कोड्यात टाकाची तुमची खोड काही गेली नाही.

मी या घरात आली तवा मले वाटत होतं का आपन परीट म्हनजे नदीवर धोतरं-लुगडी आपटनारे. थे काम मामाजीचं अन् माह्या मालकाचं निघालं. तुमचं काम परसात, आडोशाले. मोठ्या घरच्या बाया आपले लग्नाचे शालू तुमच्याकडं धाडत, बऱ्हानपूरचे, भरजरी. रिठ्याचा फेस, विहिरीचं थंड पानी. पिळाचं नाही, घासाचं नाही, पांढऱ्या चादरीवर लेकराले निजवावं तसा निजवून सावलीत सुकवाचा. मंग मऊ जुन्या धोतरात गुंडाळून, बाजूले वेखंडाची पुरचुंडी ठेवून, घडी दर साली नव्या जागी. एकाच जागी घडी राह्यली का रेशीम तिथंच चिरते. हे सारं तुमी मले मारून नाही शिकवलं, बोलून बोलून शिकवलं. मार बरा होता.

थो दिवस अजून डोळ्यापुढं हाय. एका देशमुखीनबाईचा शालू आला हाय, पदराले हळदीचा डाग. मले वाटते, आत्याबाईले आता दिसत नसन, आपन चवथी शिकलेली सून, दाखवू आपली अक्कल. मी गुपचूप साबन लावतो अन् डाग लालभडक होते. मान वळवली तं तुमी मांगंच उभ्या.

"काऊन वं, हळदीचं कुंकू केलं तू?"

"डाग काढत होती, आत्याबाई."

"चवथीत हेच शिकवलं का मास्तरनं?"

"मास्तरले बायको नव्हती. त्याले हळद कुठून ठाऊक असन."

तुमी हासल्या नाही. पन आत जाऊन लिंबू कापून आनलं तवा तोंड तिकडं करून आनलं, हे मी पायलं. दोन थेंब टाकले, अन् लाल डाग परत पिवळा झाला. मले जादूच वाटली. मी म्हनलं, आता उन्हात टाकला का हेही उडून जाईन. तुमी शालू ओढून सावलीतच ठेवला. म्हनल्या, "पहिली हळद हाय थे, लग्नाची. जिची थिची. शालू दुसऱ्या नवरीले द्याचा असन तवाच काढाची, नाही तं नाही." अन् देशमुखीनबाईनं विचारलं तवा तुमी डोळा न हालवता सांगतलं, "डाग निघत नाही, बाईसाहेब. आमी लय पायलं करून." मी तोंडात पदर कोंबून चुलीकडं पळाली. तवापासून मले तुमी आवडाले लागल्या. हे तोंडावर कधी सांगतलं नाही, नाही तं अजून चार शालू धुवाले लावले असते.

मंग पोरगी रांगत होती तवा माहे मालक तापानं गेले. दिवस झाले, पाहुने गेले, अन् तुमी माही पेटी उघडून माहा शालू काढून नेला. बोलल्या नाही, मीही विचारलं नाही. काठाची जर जाळून चांदी काढनाऱ्याले दिला असन, असं समजून बसली. रडाले दुसरं लय होतं, शालूसाठी कुठं रडू.

लोकाईनं सांगून पाठवलं का लग्नाच्या शालूले सुनेचा हात लागू देऊ नोका, बाई उघड्या कपाळाची हाय. तुमी ओट्यावर बसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, "हाव बाईसाहेब, आता मीच करतो सारं" म्हनत होत्या. मी मांगं परसात कोपरापर्यंत फेसात. बाई गेली का तुमी मांगं येऊन म्हनत, "सूनबाई, हात लावू नोको बरं. अन् फेस कमी दिसते, अजून रिठे टाक." असं आपलं चाललं. सासूले अन् सुनेले एवढं हासताना गावानं कधी पायलं नसन, म्हून आपन दार लावून हासत होतो.

त्याच सालात एक पाहुना आला, साखरखेर्ड्याचा. तुमी म्हनलं लांबचा भाचा हाय, बायको गेली बिचाऱ्याची. मले खीर कराले लावली, नवं लुगडं नेस म्हनलं. मी खिरीत मीठ टाकलं. मुद्दाम नाही, म्हनजे अर्धं मुद्दाम. थो मानूस वाटी पुरी खाऊन गेला, तांब्याभर पानी पेला अन् परत आला नाही. तुमी दोन दिवस बोलल्या नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हनल्या, "गरीब होता वं थो." आपल्यात पाट लागते, बाईचं दुसऱ्यानं घर बसते, हे काय मले ठाऊक नव्हतं. पन सासूच सुनेसाठी नवरा पाहून राह्यली, हे डोक्यातच आलं नाही. अजूनही पुरं येत नाही.

कारन पुढच्याच साथीत तुमी गेल्या. तिसऱ्या दिवशी तं तुमची वाचाच गेली होती, विचाराले सवड भेटली नाही. दिवस झाल्यावर पेटारा उघडला तं तळाशी माहा शालू. तुमच्या हातची घडी, धोतरात गुंडाळलेला, वेखंड ताजं. अन् पदरावरची माही हळद नाही. उजेडात नेला, पालटून पायला, डोळ्याले लावून पायला. पुरी काढलेली, लिंबानं अन् उन्हानं, इतकी साफ का कोनी म्हनन नवाच हाय.

आता सांगा, कोन्या नवरीसाठी काढली? थो खीर खानारा आला, माहं परत घर बसावं म्हून काढली? पन पाटाले कोनी भरजरी शालू नेसते का? का नंदेच्या पोरीले द्याचा होता? तिचं लगन तवाच निघालं होतं, पन तिले तं तुमी नवा घेतला. का हे दोन्ही नाही, अन् तुमाले थे हळद पाहवतच नव्हती? थे तुमच्या लेकाच्याच लग्नाची होती न. दर साली घडी बदलताना मी हे तिन्ही धरून पाहतो. एका साली एक खरं वाटते, दुसऱ्या साली दुसरं. औंदा तिन्ही एकदमच खरी वाटून राह्यली, मंग मी काय करू.

लढाईपासून कापड कंट्रोलवर हाय, नवा शालू कुठून आनू. तरी विहीन आली जळगाव जामोदहून, तिनं शालू बोटानं चाचपला अन् म्हने, "चांगला हाय विहीनबाई, पन नेसनारीचं नशीब लागते म्हनतात."

मी म्हनलं, "मंग तुमचाच द्या. तुमच्या घरचे ईवाईबुवा तं ठनठनीत हायत."

"माहा कसरीनं खाल्ला."

"माह्याकडं दिला असता तं खाल्ला नसता. ईवाईबुवाची मातर हमी नाही."

हासली बाई. पन जाता जाता बोललीच, "एकही डाग नसन, नवा वाटन, तं नेसू द्या. कोनाचा हाय म्हून कोनी विचारलं नाही पायजे." पोरीनं आतून ऐकलं. मले म्हने, "मले थो तुहा म्हून नेसाचा हाय, आई. नवा म्हून नाही." आता पाहा, एकीले माहा नको अन् एकीले माहाच पायजे. अन् मलेच ठाऊक नाही का थो माहा राह्यला का नाही. हळद तं तुमी काढून टाकली.

काल दुपारी पोरगी विहिरीवर गेली. मी चुलीपुढून उठली, दार लावलं, अन् शालू अंगावर घेतला. नेसली नाही, नुसता पदर खांद्यावरून घेतला. या वयात, माह्या या पोटावर. आरशाचा तुकडा केवढा, त्यात एक कान अन् जरीचा काठ दिसला, तेवढ्यातच मी लाजली. वरनाच्या फोडनीची हळद बोटाले होती. तुमच्या हाताखाली शिकलेली बाई अन् हात न धुता रेशमाले लागली. पदरावर बोटाएवढा पिवळा डाग, जुना होता त्याच्याच आसपास. तुमी असत्या तं उलथन्यानं हानलं असतं.

थोड्या वेळानं पोरीनं दार वाजवलं. आत आली, माह्याकडं पायलं, पदराकडं पायलं. घागर खाली ठेवली. तिले रिठे, लिंबू, ऊन सारं ठाऊक हाय, मीच शिकवलं.

मी म्हनलं, "डाग निघत नाही."

थे म्हने, "हो न. नाहीच निघत. तुह्या विहीनबाईले मी सांगतो." अन् डोळा हालवला नाही पोट्टीनं. मले तुमीच दिसल्या. तिची हळद आता माह्या हळदीच्या बाजूले पडन.

हा कागद तुमाले कुठं धाडू. वाचता तं तुमाले येत नव्हतं. कार्ड आलं का मीच वाचून दाखवत होती, अन् मधात दोन वाक्यं माह्या मनची घालत होती, तुमाले थे समजत होतं. शालूच्या घडीत ठेवला तं शाईचा डाग पडन, अन् थो खरंच निघत नाही. राहू दे पिठाच्या डब्याखाली.

अन् एक सांगतो. लिंबू मी कापलं होतं, आत्याबाई. पोरगी विहिरीवरून परत याच्या आधीच कापलं होतं. हातात घेऊन बसली, ऊनही अंगनात चांगलं होतं. मंग वरनात पिळलं अन् जेवली.